कुलूपवाल्याचं युकुलेले

कुलपाच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाने वाद्य बनवायला घेऊ नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तरी सूतभरांनी ते वाचलं असतं, समासात दोन दुरुस्त्या सुचवल्या असत्या आणि कामाला लागले असते.

सूतभर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या आराखडा विभागाचे ते प्रमुख होते. कुणी कुठलाही सुटा भाग दाखवायला आणला की एक डोळा बारीक करून ते "सूतभर जास्त आहे" किंवा "सूतभर कमी आहे" यांपैकी एक निकाल देत. "बरोबर आहे" असं त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस कारखान्यात नव्हता. नाव पडलं ते पडलंच. पुढे मेहुणाही त्यांना 'सूतभर भाऊजी' म्हणू लागला, पण मेहुण्यांना सगळं माफ असतं.

त्यांची बायको शिशुवर्गात शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून सूतभरही बाईच म्हणत. बाईंचं सगळं शिकवणं युकुलेलेवर चाले. युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, चार तारांचं, काखेत मावणारं. बाई ते घेऊन जमिनीवर बसल्या की वर्गातला सगळ्यात रडका जीवसुद्धा नाक पुसून ओळीत येऊन बसे. आकडे, रंग, वार, हात धुणं, सगळं गाण्यातून. मग गेल्या वर्षी बाई शाळेच्या जिन्यावरून घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही पूर्वीसारखी वळेनात. तार दाबायला गेलं की बोट तारेवर नुसतं टेकून राही. बाईंनी युकुलेले कपाटावर ठेवून दिलं. वर्गात स्पीकर आला. आणि मुख्याध्यापिकेने गोड आवाजात सुचवलं की पुढच्या सत्रापासून बाईंनी मागच्या स्टोअरमध्ये बसून खेळण्यांचा हिशेब ठेवावा, म्हणजे हाताला ताण नको.

बाई यावर "बरं" म्हणाल्या. सूतभरांना त्या "बरं"ने घाबरवलं. भाजी कुठली आणायची इथपासून पंखा कितीवर ठेवायचा इथपर्यंत एकाही गोष्टीला या बाईने दोन उलट प्रश्न विचारल्याशिवाय होकार दिलेला नव्हता. जिला भांडण करावंसं वाटत नाही ती बायको त्यांच्या ओळखीची नव्हती.

सूतभरांनी पेन्सिल काढली. बोटांनी तार दाबता येत नाही ना? मग बोटांनी तार दाबायचीच नाही. मानेवर कळा बसवायच्या. एक कळ दाबली की आतून छोटे खटके उतरतील आणि नेमक्या जागी नेमक्या तारा दाबून धरतील. शिवाय कळ एकदा दाबली की दुसरी दाबेपर्यंत तशीच बसून राहील, म्हणजे जोर लावायला नको. त्यांना हे इतकं सोपं वाटलं की आजवर कुणाला कसं सुचलं नाही याबद्दल जगाची थोडी कीवही आली.

"माझी बोटं गेलीत, अक्कल नाही गेली," बाई आराखडा बघून म्हणाल्या. "असलं खेळणं घेऊन मी पोरांपुढे बसायची नाही."

"खेळणं नाही गं, वाद्य आहे हे."

"कोण म्हणतं? तुम्ही? तुम्हाला टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवता येत नाहीत. एखाद्या खऱ्या वाजवणाऱ्याने 'हे वाद्य आहे' असं तोंडाने म्हटलं, तर हात लावीन. तोवर त्या वस्तूचं नाव माझ्यापुढे काढू नका."

दुसऱ्या कुणी हे नकार म्हणून घेतलं असतं. सूतभरांनी ते अट म्हणून घेतलं. योगायोगाने शहरात वाद्यांचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात युकुलेलेच्या नव्या नमुन्यांची खास स्पर्धा होती. परीक्षक म्हणून डोक्यावर केसांचा बुचडा बांधणारा एक नावाजलेला वादक येणार होता. याहून खरा वाजवणारा आणखी कुठे शोधायचा?

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ठोकाठोकीचा आवाज भिंतीतून जातोच. वरच्या मजल्यावरचे कोर्टातले निवृत्त कारकून चष्मा सारखा करत खाली आले. "मुद्दा पहिला," ते म्हणाले, "कल्पना चोरीला जाते. कुणाला सांगू नका." मग त्यांनीच ती जिन्यात भेटेल त्याला समजावून सांगितली. समोरच्या काकूंचा सल्ला व्यवहारी होता. "चारच तारा कशाला? सहा लावा. माणसाला चार गोष्टी जास्त मिळाल्यासारखं वाटतं." मेहुणा फ्रिजच्या दुकानात विक्री सांभाळायचा, त्यामुळे त्याला बाजाराची नाडी ठाऊक होती. "भाऊजी, दिवे पाहिजेत. आजकाल दिवा नसला तर गिऱ्हाईक दरवाजासुद्धा उघडून बघत नाही." सूतभर सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि कानस चालवत राहत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, पण या बाबतीत घडा पालथा होता तेच बरं झालं.

पहिलं कळांचं युकुलेले तयार झालं. आणि इथे सूतभरांच्या हातून ती चूक झाली, जी कुलूपवाल्याखेरीज या पृथ्वीतलावर कुणाच्याही हातून झाली नसती. त्यांनी ते फोड्याकडे नेलं.

फोड्या हा कारखान्यातला मोठा मानाचा माणूस. नवं कुलूप तयार झालं की आधी त्याच्याकडे जाई. हातोडा, छिन्नी, पहार, जे लागेल ते घेऊन ते फोडायचं, हेच त्याचं काम. त्याच्याने फुटलं नाही तरच कुलूप बाजारात. शरीर दांडगं, आवाज मात्र सांत्वनाला आल्यासारखा. जी वस्तू फोड्याच्या हाताखालून गेली नाही ती सूतभरांच्या लेखी तयारच झालेली नसे. त्यांनी सवयीने युकुलेले त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सवयीने म्हणाले, "नवा नमुना. बघा."

संध्याकाळी फोड्या पिशवी घेऊन आला.

"फुटलं, साहेब."

"किती वेळ टिकलं?"

"सुरुवात नव्हती केली अजून. नुसतं धरलं होतं."

शहाण्या माणसाला इथे कळलं असतं की युकुलेले हे दरोडेखोरांपासून वाचवायचं उपकरण नव्हे. सूतभरांना कळलं ते एवढंच, की मान कच्ची आहे. दुसऱ्या युकुलेलेच्या मानेत त्यांनी पितळेची पट्टी घातली. तेही पिशवीतून आलं. तिसऱ्याला आतून पोलादाचा सांगाडा केला. त्या दिवशी फोड्या घाम पुसत आला, दोन्ही हातांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "नाही फुटत, साहेब." सूतभरांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

आता ते फुटत नव्हतं, पण उचलवतही नव्हतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता. मेहुण्याने एकदा उचलून बघितलं आणि लगेच खाली ठेवलं.

"भाऊजी, हे वाजवायचं, की अंगावर चोर आला तर त्याच्या डोक्यात घालायचं?"

"दोन्हीला चालेल," सूतभर म्हणाले आणि वजन पेलायला यंत्राचा एक जुना जाड पट्टा आणून त्याला अडकवला.

आवाज मात्र गोड होता. तोही त्यांनी बाईंच्या कानावर पडू नये म्हणून गच्चीत जाऊन ऐकला. एकच खोड होती. प्रत्येक कळ बसताना "खटक्" असा ठणठणीत आवाज करी. त्यांनी कापूस घातला, रबर घातलं, जुन्या टोपीची लोकर कापून घातली. खटका जागचा हलेना. हलणार कसा? "कुलूप लागलं हे कानाला कळलं पाहिजे," हा नियम त्यांनी स्वतःच उभ्या कारखान्याला घालून दिला होता, आणि हात आता त्याच्याविरुद्ध वागायला तयार नव्हते. शेवटी प्रदर्शनाचा दिवस उजाडला आणि युकुलेले खटक्यासकट निघालं.

बाई बरोबर आल्या, पण कारण सांगून. "तुम्ही तिथे कुणाशी तरी भांडाल, म्हणून येते. त्या वस्तूसाठी नव्हे." गाडी मेहुण्याने चालवली.

भांडण दारातच उभं होतं. पेटी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि यंत्राने टाहो फोडला. पहारेकऱ्याने पडद्यावर बघितलं, मग सूतभरांकडे बघितलं, मग पुन्हा पडद्यावर.

"काय आहे हे?"

"युकुलेले."

"आत काय आहे?"

"पितळ, पोलाद, स्प्रिंगा आणि खटके," सूतभर अभिमानाने म्हणाले. मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला.

त्यांना एका काउंटरवर नेण्यात आलं. तिथे गळ्यात निळी पट्टी घातलेला एक अधिकारी बसला होता. त्याने वस्तू निरखली. "हे यंत्र आहे. यंत्राला विद्युत सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं."

"पण याला वीज लागतच नाही."

"मग लागत नाही याचं प्रमाणपत्र दाखवा."

"नसलेल्या विजेचं प्रमाणपत्र कोण देतं?"

"तीन नंबरचं काउंटर."

तीन नंबरने सांगितलं की आम्ही फक्त वीज असलेल्या वस्तू तपासतो, नसलेल्यांचं निळ्या पट्टीला विचारा. निळ्या पट्टीने सांगितलं की तीन नंबरला हे माहीत असायला हवं. सूतभर ती पेटी खांद्यावर घेऊन मध्ये येरझारा घालत होते आणि एका खेपेला त्यांच्या लक्षात आलं की पहारेकरी आता त्यांना सलाम करतो आहे. पण ते मागे हटेनात. "मी संध्याकाळपर्यंत हिंडेन," त्यांनी निळ्या पट्टीला सांगितलं. "तुमची सुट्टी कधी होते?"

अखेर मेहुण्यातला विक्रेता जागा झाला. त्याने किल्लीच्या जुडग्यातला इवलासा दिवा काढून युकुलेलेला चिकटवला. "साहेब, आता याला वीज आहे. घड्याळातल्या सेलची." निळ्या पट्टीचा चेहरा उजळला. सेलवर चालणाऱ्या छोट्या वस्तूंना प्रमाणपत्र लागत नव्हतं. त्याने खुशीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहिली, दोऱ्याने मानेला बांधली आणि शिक्का मारला. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत होतं, 'खेळणी'.

बाईंनी ती वाचली. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. सूतभरांना त्या क्षणी ते बिनप्रमाणपत्राचं यंत्र ठरलेलंही परवडलं असतं.

त्यांना खेळण्यांच्या दालनात टेबल मिळालं. एका बाजूला ढोल बडवणारं प्लॅस्टिकचं अस्वल, दुसऱ्या बाजूला दाबलं की "मला झोप येत नाही" असं ओरडणारी बाहुली. परीक्षक या दालनात येणार नाहीत, अशी माहिती अस्वलवालीने दिली. सूतभर जेमतेम बसले आणि उठले. पेटी पुन्हा खांद्यावर.

"कुठे निघालात?" बाई म्हणाल्या.

"युकुलेले आहे. युकुलेलेंच्या दालनात जाणार."

ते दालन म्हणजे वेगळीच दुनिया होती. एक युकुलेले पाण्यावर तरंगत होतं, कारण काय कोण जाणे, पण काचेच्या टाकीत ते तरंगत होतं आणि लोक फोटो काढत होते. एक आपलं आपण सुरात लागत होतं. एकाच्या मानेवर दिवे होते आणि कुठल्या जागी बोट ठेवायचं ते मोबाइल सांगत होता. मेहुण्याने ते बघून सूतभरांकडे 'मी काय म्हणत होतो' अशा नजरेने बघितलं. एक फळीसारखं सपाट होतं. ते फक्त वाजवणाऱ्यालाच कानात ऐकू यायचं. हा नमुना शेजाऱ्यांनी बनवला असावा, असं सूतभरांना वाटलं. त्यांनी प्रत्येकाच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि एकही विक्रेता न दुखावता पुढे सरकले, हे त्यांच्या स्वभावाकडे बघता मोठंच काम होतं. पण इतक्या नव्या नमुन्यांत मोडक्या मनगटासाठी एकही नव्हता. हे पाहून त्यांची चाल वाढली.

दालनाच्या टोकाला लाकडी मंचावर बुचडेवाले परीक्षक बसले होते. समोर स्पर्धकांची रांग. रांगेवरच्या माणसाने खेळण्यांची चिठ्ठी बघून हात आडवा केला. "तुमचं दालन हे नाही."

"रांगेत उभं राहायला प्रमाणपत्र लागतं का?"

माणसाने जवळचे नियम चाळले. लागत नव्हतं.

पाळी आली. परीक्षकांनी सूतभरांच्या हातातून युकुलेले घेतलं आणि त्यांचा हात एकदम गुडघ्यापर्यंत खाली गेला. भला माणूस होता, हसला नाही. त्याने पट्टा गळ्यात घातला, वाद्य छातीशी धरलं, कळ दाबली. समोरच्या माइकमधून सगळ्या दालनात घुमलं, "खटक्!" एक माणूस दचकून खिसा चाचपू लागला. मग हशा सुरू झाला. परीक्षकांनी दुसरी कळ दाबली, मानेला खाली ओढणाऱ्या वजनामुळे ती तिरकी दबली, आणि पहिलीही सुटेना, दुसरीही बसेना. एकच एक सूर वाजत राहिला. त्यांनी वाद्य सावरायला खांदा उचलला, तेवढ्यात यंत्राचा पट्टा कडकन तुटला. युकुलेले मंचावर आदळलं. मंचाची फळी तडकली. युकुलेलेला काही झालं नाही, ते सुरातसुद्धा होतं, आणि सूतभरांच्या तोंडून नकळत "पास!" असं निघून गेलं.

परीक्षकांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं. "काका, कल्पना फार छान आहे. मेहनत दिसते. पण खरं सांगू? हे वाद्य नाही. वाद्य अंगाला बिलगून बसावं लागतं. हे फार सुंदर कुलूप आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, दयेच्या. सूतभरांना आयुष्यात पहिल्यांदाच काय जास्त आहे आणि काय कमी आहे ते कळेनासं झालं. कान तापले. खऱ्या वाजवणाऱ्याने तोंडाने सांगितलं होतं, माइकवरून, चारचौघांत, बाईंच्या देखत. आता घरी जाऊन काय करायचं? ती स्टोअरमध्ये बसून फुटक्या बाहुल्या मोजणार आणि आपण कुलपांचे आराखडे काढत राहणार. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग काय बदलू? तेवढं सांगा. मी परत करतो. चौथं करतो, पाचवं करतो."

परीक्षकांनी उत्तर देण्याआधीच मागून आवाज आला.

"आणा ते इकडे."

बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. शिशुवर्गाच्या शिक्षिकेला गर्दी हटवायला धक्के मारावे लागत नाहीत, नुसतं बघावं लागतं.

"ताई, जड आहे ते," परीक्षक म्हणाले.

"जड असेल. तुम्ही ते तान्ह्या पोरासारखं छातीशी काय धरताय? आणि कळ अशी बोटाच्या टोकाने टोचतात का? कुणी शिकवलं तुम्हाला?" बाईंचा राग खरा होता. नवऱ्याला नाव ठेवायचा अधिकार त्यांनी इतकी वर्षं एकटीने सांभाळला होता, तो असा माइकवरून कुणी उचलून नेलेला त्यांना चालणार नव्हता.

त्या मंचाच्या कडेला चक्क मांडी घालून बसल्या, वर्गात बसतात तशा. युकुलेले त्यांनी मांडीवर आडवं ठेवलं. पोलादाच्या वजनाने ते तिथे असं बसलं की धक्का दिला तरी हलू नये. सूतभर थक्क होऊन बघत राहिले. आराखड्याच्या इतक्या कागदांत त्यांना ते कधी आडवं दिसलं नव्हतं. बाईंनी आधी अडकलेल्या दोन्ही कळा तळहाताच्या एका दाबाने मोकळ्या केल्या. मग न वळणारी डावी बोटं तशीच सरळ ठेवून तळव्याने कळ दाबली. खटक्. उजव्या अंगठ्याने तारा छेडल्या. दुसरी कळ. खटक्. सूर चुकला. "च्," त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.

त्यांनी हात धुण्याचं गाणं म्हटलं. आवाज वर्षभर न वापरल्याने जरा खरखरत होता. पण दोन ओळींनंतर त्यांना तो खटका सापडला. त्या कळ अशा बेताने दाबू लागल्या की तार वाजायच्या आधी खटका पडे, मग तार, मग शब्द. खटका चुटकीसारखा वाजू लागला. जो घालवायला सूतभर तीन महिने खपले, तो आवाज आता गाण्याचा ठेका धरत होता. रांगेवरचा माणूस पाय हलवू लागला. "साबण कुठे?" बाईंनी गाण्यातच विचारलं, आणि त्या दालनातल्या मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी नकळत हात वर केले.

सूतभरांचं या कशाकडेही लक्ष नव्हतं. ते बाईंच्या डाव्या मनगटाकडे बघत होते. ते वर जात होतं, खाली येत होतं, दुखत असेल तर असेल, पण काम करत होतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

गाणं संपलं. परीक्षक खाली उतरून आले, त्यांनी हात जोडले. "ताई, माझी चूक झाली. मी आत्ता सगळ्यांसमोर सांगतो, हे वा..."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमचं मघाशी सांगून झालंय."

बक्षीस आपलं आपण सुरात लागणाऱ्या युकुलेलेला मिळालं. मंचाच्या फळीबद्दल निळ्या पट्टीला काहीतरी विचारायचं होतं, पण मेहुण्याने त्याला एका नव्या फ्रिजची माहिती सांगायला घेतली आणि तेवढ्यात हे दोघं बाहेर पडले.

गाडीत बाई मागे बसल्या, युकुलेले मांडीवर आडवंच. सूतभरांनी पुढून मान वळवून बघितलं. तीन कळा मघाच्या पडण्याने किंचित सैल झाल्या होत्या आणि त्यांना ते लांबूनही दिसत होतं.

"दे ते माझ्याकडे," ते म्हणाले. "चारेक आठवड्यांत सगळं नीट करून देतो. मान हलकी करतो, तो खटका पण..."

"चार आठवडे?" बाईंनी त्यांचा हात बाजूला सारला. "सोमवारी सकाळी मला वर्गात लागणार आहे हे. आणि खटक्याला हात लावलात तर बघा."

"आणि मुख्याध्यापिका? त्यांना काय सांगणार?"

बाई खिडकीतून बाहेर बघत एक कळ उगीचच दाबत, सोडत होत्या.

"सांगीन, स्टोअरमध्ये तो स्पीकर ठेवा."